गुडघ्याखालची उशी

तुझ्या आईने रविवारी फोनवर सांगितले, की खेळताना तुझा गुडघा दुखावला, शस्त्रक्रियेची गरज नाही असे तिथले डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या आठवड्यापासून तुझी फिजिओथेरपी सुरू होणार. “आई, तुला अनुभव आहे, तिला चार गोष्टी लिहून पाठव,” असे ती म्हणाली. मी हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. अनुभव आहे हे खरे. तो चांगला नाही हे तिला माहीत आहे. का चांगला नाही, ते मी अजून घरात कोणालाच नीट सांगितलेले नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुझ्या धाकट्या बहिणीनेही ऐकावे. आईने हे मराठी तुम्हाला वाचून दाखवताना मधले काही गाळू नये, विशेषतः जिथे मी वाईट दिसते तिथे.

दीड वर्षापूर्वी पालघरला माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. तुमचे आजोबा गेल्यावर मी तारापूरच्या घरात एकटी राहत होते, आणि पुढेही एकटीने राहता यावे एवढ्याचसाठी मी त्या शस्त्रक्रियेला तयार झाले. ते घर तुम्ही पाहिले आहे. आजोबांनी वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर वसाहतीतले क्वार्टर सोडून बांधलेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर, पुढे तीन पायऱ्या आणि चिकूची पाच झाडे. मोठे काही नाही. पण तिथे किती वाजता उठायचे, चहा किती कडक करायचा, दुपारी काय वाचायचे, हे मी ठरवत होते. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने तुमच्या मामाच्या बोईसरच्या फ्लॅटवर राहायचे, पाय सरळ झाला आणि पायऱ्या चढता आल्या की आपल्या घरी परत जायचे, असे आमचे ठरले होते. निघताना मी डब्यातली डाळ, तांदूळ काढून शेजारी देऊन टाकले, पण मिठाची आणि साखरेची बरणी भरलेलीच ठेवली. तीन महिन्यांत त्यांना काही होत नाही.

रुग्णालयातून सोडताना त्यांनी एक छापील कागद हातात दिला. इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. व्यायामाचे नऊ प्रकार, प्रत्येकाशेजारी छोटे चित्र, किती वेळा करायचा त्याचा आकडा. मी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. असा मुद्देसूद कागद हातात आला की मला धीर येतो. घरी आल्याबरोबर तो मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, एका वहीला रेघा मारल्या, वर तारखा, डावीकडे व्यायाम, आणि केला की चौकोनात खूण. तीन महिन्यांत त्या वहीतला एकही चौकोन रिकामा राहिला नाही. कोणीही तपासावी, पूर्ण गुण द्यावे लागतील.

त्याच कागदावर तळाशी एक ओळ होती: सूज उतरण्यासाठी पाय उशीवर उंच ठेवावा. उशी पायाच्या कोणत्या भागाखाली ठेवायची ते लिहिलेले नव्हते, आणि ते कोणाला विचारावे असेही मला वाटले नाही. जिथे दुखते तिथे, गुडघ्याखाली, हे मला उघड वाटले.

आजोबांची बहीण वाणगावहून भेटायला आली ती एक उशीच शिवून घेऊन आली. तिच्या परसात सावरीचे झाड आहे. त्याच्या बोंडांतला कापूस काढून, पिंजून, तिने हातभर लांबीची घट्ट उशी केली होती.

“वयनी, बगा, बरोबर गुडघ्याएवडी केली हाय. बाजारातली टोचते. ही नाय टोचणार.”

तिने ती गुडघ्याखाली सरकवली आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच मी पूर्ण श्वास सोडला. इतका आराम वाटला, की मी तिचा हात धरून ठेवला. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही आणि काहीतरी सेवा केल्याशिवाय उठत नाही. जो येई तो शहाळे टेबलावर ठेवी, डॉक्टर काय म्हणाले ते विचारी, आणि जाता जाता माझी उशी जरा नीट करून जाई. “आराम करा बघू आता” हे प्रत्येकाचे शेवटचे शब्द. मी दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे व्यायाम करत होते. बाकीचा सगळा वेळ, झोप धरून, माझा गुडघा त्या उशीवर आरामात वाकलेला असे. एक तास एकीकडे आणि तेवीस तास दुसरीकडे, हे गणित मी तेव्हा मांडले नाही.

पहिला महिनाभर फिजिओथेरपिस्ट घरी येत होती. पंचविशीची मुलगी, किनाऱ्यापासून आत असलेल्या गावातल्या शेतकरी घरातली, स्कूटरवरून यायची, पाठीवर सॅक. पहिल्या दिवशी ती पलंगाशी उभी राहिली, उशी काढून बाजूला ठेवली, मामीकडून एक टॉवेल मागून घेतला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि ती माझ्या टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी राहिला. मागच्या शिरा अशा ताणल्या की डोळ्यांत पाणी आले.

“आजी, गुडघ्याखाली उशी नाय ठेवायची. कदीच नाय. टाचेखाली टॉवेल. दुखेल, पण असाच ठेवायचा.”

“किती वेळ?”

“जमेल तेवडा. एकादा व्यायाम राहिला तर चालेल मला. पण ही उशी नाय चालणार.”

“पण कागदावर तर टॉवेलचं काही नाही.”

ती हसली. “कागदाला कुटे गुडघा असतो आजी?”

मला ते हसणे आवडले नाही. खरे सांगायचे तर तिच्या बोलण्याला मी सूचना मानलेच नाही. कदी, एकादा, कुटे: असे बोलणाऱ्या मुलांना मी चौतीस वर्षे दुरुस्त करत आले. माझ्या डोक्यात सूचना म्हणजे छापलेली, क्रमांक घातलेली गोष्ट. बाकीचे ते बोलणे. ती गेल्यावर मी फोल्डर उघडून कागद दोन्ही बाजूंनी पुन्हा वाचला. टॉवेल कुठेच नव्हता. उशी होती.

मामीने विचारले, “आई, उशी परत देऊ का?”

“दे,” मी म्हटले.

पुढचे सांगायला जास्त जड जाते. ती मुलगी दिवसाआड सकाळी अकराला येत असे. साडेदहा वाजले की आमच्याकडे शाळेच्या तपासणीसारखी धावपळ सुरू होई. मामी चादर बदलायची, शहाळी हलवायची, फरशी पुसून घ्यायची. मी केस विंचरून, स्वच्छ गाऊन घालून बसायची. ती उशी वापरून चुरगळलेली आणि घामट दिसते म्हणून तिची रवानगी कपाटात होई, आणि टाचेखाली धुतलेला टॉवेल येई. दुखण्याची गोळी मी दहालाच घेत असे, म्हणजे ऐन वेळी तोंड वाकडे होऊ नये. गोळी वेळेवर घ्यायला तिनेच सांगितले होते, त्यात चूक नव्हती. पण मी ती कशासाठी घेत होते ते मला ठाऊक आहे. साहेब तपासणीला येणार असले की फळ्यावर कोणता धडा लिहून ठेवायचा आणि पहिल्या बाकावर कोणती मुले बसवायची, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. मी माझा पाय पहिल्या बाकावर बसवत होते. त्यात लबाडी आहे असे मला एकदाही वाटले नाही. कोणी येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसेच ते वाटायचे.

“आजी, काल किती दुखलं?”

“ठीक आहे.”

“ठीक म्हंजे? शून्य ते दहा. किती?”

“दोन.”

“दोनच?” तिने मामीकडे पाहिले. मामीने माझ्याकडे पाहिले.

“दोन,” मी म्हटले.

सात होते. कधी आठ. कुरकुर करणारी म्हातारी व्हायचे नाही, हे मी आजोबांच्या आजारपणात पक्के केले होते, कारण तेही कधी कुरकुरले नाहीत. ती मुलगी माझ्या दोनवर विश्वास ठेवून पुढचे ठरवायची. ती दाबून, ताणून गुडघा बराचसा सरळ करून जायची, आकडा लिहायची, आणि दोन दिवसांनी तो गुडघा पुन्हा मागे गेलेला असायचा. “असा कसा गेला?” ती स्वतःशीच बोलायची. स्वतःची पद्धत बदलून बघायची. मी छताकडे पाहत पडून राहायची.

दुसऱ्या महिन्यापासून मी तिच्या बोईसरच्या दवाखान्यात जाऊ लागले. एका खोलीत तीन पलंग, मधे पडदे, एक सायकल, भिंतीला लाकडी शिडी. कारखान्यांतली माणसे खांदे आणि कंबर घेऊन यायची, त्यांच्याशी ती हिंदीत बोलायची. माझ्या शेजारच्या पलंगावर दांडी गावची एक कोळीण असे. माझ्याच आठवड्यात, त्याच डॉक्टरांकडे, तिचाही उजवाच गुडघा झाला होता. वयाने माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. बाजारात बसून मासळी विकण्यात जन्म गेलेला. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे तो कागद तिने मुलाला दिला होता आणि मुलाने तो हरवला होता.

मी फोल्डर घेऊन बसलेली दिसले की तिला चेव यायचा.

“मास्तरीणबाई, आज काय बोलतो तुमचा कागद?”

“पंधरा वेळा म्हणतो.”

“नशीबवान तुमी. आमच्याकडे कागद नाय, म्हणून ही पोर आमाला तीस वेळा मारते.”

तिचा पाय दाबला जायला लागला की सगळ्या दवाखान्याला कळायचे. “मेले गं मेले! पोरी, लग्न झालं की नवऱ्याचा पाय असाच पिरगळशील काय?”

“आदी नवरा तर मिळू दे मावशी. मग तुमालाच बोलावते बगायला.”

पडद्यापलीकडचे कामगारसुद्धा हसायचे. मी दात आवळून पडून राहायची आणि मनात म्हणायची, काय हा आरडाओरडा, काही रीतभात आहे की नाही.

किती दुखले असे विचारले की ती म्हणायची, “दहा कसले, बारा! सून बोलते काढा तो टॉवेल, मी बोलते नाय काढणार. पोरीनं सांगितलं हाय ना, मग नाय काढणार.” आणि मग ती मुलगी तिची सूज बघायची, बर्फ लावायची, त्या दिवशीचा भार कमी करायची. माझे दोन असल्यामुळे माझ्या वाट्याला बर्फ कमी आला. तो मीच कमी केला होता.

एक दिवस ती मुलगी दुसऱ्या पलंगाशी होती तेव्हा कोळीण माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी उशी नाय ना ठेवत खाली? मला बी बहिणीनं आणली होती. मांजरीला दिली. मजेत झोपते त्यावर.”

“माझी नणंदेने हाताने शिवलेली आहे,” मी म्हटले, जणू त्यामुळे काही फरक पडत होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. “म्हंजे ठेवता?”

मी फोल्डर उघडून वाचायला लागले.

त्या दुपारी घरी येऊन मी खरेच उशी काढली आणि टाचेखाली टॉवेल घेतला. पाऊण तास घड्याळ लावून बसायचे ठरवले होते. दहा मिनिटांत घाम फुटला. इतक्या आठवड्यांत गुडघ्याच्या मागची बाजू आखडून तार झाली होती. जे पहिल्या दिवशी सातावर होते ते आता मोजण्यापलीकडे गेले होते. मी उशी परत घेतली. सोमवारपासून सुरू करू असे स्वतःला सांगितले. सोमवार आला तेव्हा वहीतले सगळे चौकोन भरलेले होते, आणि ज्याचा चौकोनच नाही त्याचे काय करायचे ते मला सुचेना.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पालघरच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात पडद्यामागे मी आडवी होते आणि ती मुलगी त्यांच्याशी फोनवर बोलत होती. इंग्रजीत. स्वच्छ, अचूक, न अडखळता. आमच्या शिक्षकखोलीत तसे इंग्रजी बोलणारे मोजके होते. ती माझ्याबद्दल बोलत होती. ही पेशंट माझी सगळ्यात प्रामाणिक पेशंट आहे, असे ती सांगत होती. एकही दिवस चुकवत नाही, सगळे लिहून ठेवते, दुखणेही फार नाही, तरी गुडघा सरळ का होत नाही ते मला समजत नाही. माझेच काहीतरी चुकते आहे, असे ती दोनदा म्हणाली.

मी त्या पलंगावर पडून ते ऐकले. शाळेच्या चौतीस वर्षांत मला इतकी लाज वाटल्याचे आठवत नाही.

फोन ठेवून ती आली आणि पलंगाच्या कडेला बसली. “आजी, घरी दिवसभर काय करता ते मला सगळं सांगा. मी नाय रागावणार.”

मी सांगितले. उशी, कपाट, दोनचा आकडा, सगळे. सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

“मी बोलले होते तुमाला,” ती म्हणाली. “पयल्याच दिवशी.”

“हो.”

“मग?”

“कागदावर नव्हतं.”

तिने टॉवेल उचलून त्याची घट्ट गुंडाळी केली. मग म्हणाली, “कागद सगळ्यांसाठी छापतात आजी. तुमच्या गुडघ्यासाठी मी येत होते ना.”

मला काहीतरी बोलायचे होते म्हणून मी विचारले, की एवढे चांगले इंग्रजी येते तर तू माझ्याशी कधी का नाही बोललीस. तिने खांदे उडवले. “घरच्यासारकं बोललं की पेशंट घाबरत नाय. तुमाला आवडत नव्हतं काय?”

त्याचे उत्तर मी दिले नाही. अजूनही दिलेले नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी थोडक्यात सांगते. टाचेखाली टॉवेल आणि मांडीवर वाळूची पिशवी, झोपताना पाय सरळ ठेवणारा पट्टा, एक दिवसाआड तिचे हात. तेव्हा मी खरे आकडे सांगत होते आणि कोळणीपेक्षा मोठ्याने ओरडत होते. थोडे सुधारले. मग सुधारायचे थांबले. सहा महिने झाल्यावर पालघरच्या डॉक्टरांनी पाय हातात धरून पाहिला, वाकवून पाहिला, खाली ठेवला. वाकतो छान, म्हणाले. सरळ व्हायचा तो पहिल्या आठवड्यांत व्हायला हवा होता. पुन्हा उघडून सैल करता येईल, पण माझे वय आणि माझे हृदय पाहता ते तसे सुचवणार नाहीत. “आता आहे हे टिकवायचं,” एवढे बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मामाने माझी काठी उचलून दिली.

थोडा वाकलेला गुडघा म्हणजे काय, ते बघून कळत नाही. लोक म्हणतात, चालता तर छान. सरळ पायावर माणूस नुसता उभा असतो, त्यासाठी त्याला काही करावे लागत नाही. वाकलेल्या पायावर उभे राहायचे तर मांडी सतत राबत असते, न थांबता, आणि काही मिनिटांत थरथरू लागते. मग दुसरा पाय तो भार घेतो, मग कंबर. मी आता एका बाजूला कलून चालते. व्हिडिओ कॉलवर मी नेहमी खुर्चीत बसलेली का असते, असे धाकटीने एकदा विचारले होते.

कोळीण दवाखान्यात यायची बंद झाली. नंतर ती बोईसरच्या बाजारात भेटली. मामी भाजी घेत होती आणि मी पिशवी धरून उभी होते. ती उंच स्टुलावर बसून विकत होती, आम्हाला पाहून उठून चार पावले चालत आली. सरळ, ताठ. मी थट्टेची वाट बघत होते. तिने माझ्या पायाकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, आणि अगदी हळू विचारले, “घरी गेलात काय, तारापूरला?”

“नाही अजून.”

“जाल, जाल,” ती म्हणाली. तिने मस्करी केली असती तर बरे झाले असते.

तरी मी एकदा प्रयत्न करून पाहिला. ती मुलगीच म्हणाली, की एक दिवस एकटीने राहून बघा, म्हणजे मनात शंका राहणार नाही. मी वेळापत्रक केले. सव्वाआठला पायऱ्या, साडेआठला खिडक्या, नऊला चहा, दहाला आंघोळ, अकराला झाडांना पाणी, साडेबाराला खिचडी, दुपारी वाचन, पाचला शेजारी. मामाने मला आठला सोडले. तो थांबतो म्हणत होता, मी त्याला कामावर पाठवले.

पायऱ्या जमल्या. कठडा धरून, एकेक, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत. खिडक्या उघडल्या. बंद घराचा वास होता, पण तो जातो. नऊला गॅसवर दूध ठेवले आणि ते वर यायच्या आतच मांडी थरथरायला लागली. ओट्यावर दोन्ही हात टेकले. मग गॅस बंद करून बाहेरच्या खोलीतली खुर्ची ढकलत ढकलत आत आणली. स्वयंपाकघर एवढे लहान आहे, की खुर्ची आली की कपाटाचे दार उघडत नाही, आणि साखर कपाटात होती. बिनसाखरेचा चहा घेतला. दहाला न्हाणीघराच्या दाराशी गेले. तिथे आत एक पायरी खाली आहे, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही त्यावरून उड्या मारायचात. मी कडीला हात लावून उभी राहिले आणि आत गेले नाही. तोंड धुतले आणि पडून राहिले. अकराला नळी घेऊन बाहेर आले आणि दुसऱ्या झाडापर्यंत पोचले.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काकू! आलात का परत? आता राहणार ना?”

“बघते,” मी म्हटले आणि नळी तिथेच सोडून आत आले.

टेबलावर वेळापत्रक होते. बारा वाजायच्या आत मी मामाला फोन केला. तो अर्धी रजा टाकून आला. कप विसळला, नळ बंद केला, खिडक्या लावल्या. परतताना गाडीत म्हणाला, “आई, दिवसभराची बाई ठेवू या. तू राहा तिथे.” मी नको म्हटले. दुसरी बाई माझे दूध तापवणार, मला धरून न्हाणीघरात नेणार, तर तेवढे बोईसरला आहेच. मला जे हवे होते ते त्यात नव्हते. ते आता कशातच नाही.

गुडघा त्या उशीमुळे अडला, हे मी मामीला कधी बोलले नाही. तिला वाटते, शस्त्रक्रिया नीट झाली नाही. नणंदेला वाटते, माझी हाडेच तशी. त्यांना तसेच वाटू दे. उशी त्यांनी प्रेमाने ठेवली. काढायची होती ती मी, आणि मला सांगितलेले होते.

आता तुझे. जी कोणी तुला शिकवायला येईल, तिने पहिल्या दिवशी सहज बोलता बोलता जे सांगितले असेल ते त्याच वेळी लिहून घे, ती कशीही बोलत असली तरी. करून दाखव म्हणावे, आणि तू केलेले तिला बघू दे. विचारलेला आकडा खरा सांग. व्यायामाच्या वेळेबाहेर पाय कसा ठेवायचा, झोपताना कसा, बसताना कसा, हे आधी विचार, व्यायाम नंतर. ती यायच्या आधी खोली आवरू नकोस. आणि दुखले म्हणून जे सोडावेसे वाटेल ते सोडण्याआधी तिला फोन कर. हे सगळे तू ऐकशील की नाही मला सांगता येत नाही. मलाही कोणीतरी समोर बसून सांगितले होते.

तारापूरचे घर गेल्या महिन्यात भाड्याने दिले. वीज केंद्रातले एक जोडपे आहे, विदर्भाकडचे, चांगली माणसे. माझी पुस्तके मामाने खोक्यांत भरून आणली, ती पलंगाखाली आहेत. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा आपण तिकडे जायला नको. लोकांच्या घरी उगाच कशाला. बोईसरला माझ्या खोलीत पलंगाशेजारी दोन गाद्या मावतात, मी टेपने मोजून पाहिले. फक्त भिंतीच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडावी लागेल. उठताना मला तिथे धरावे लागते.